जुन्या वाड्यात गरम पाणी: बंब, गिझर, सोलर की हीट पंप?

यंत्राची किंमत विचारण्याआधी बादल्या मोजा. आंघोळीची एक बादली 20 लिटरची. टाकीत 60 अंशांचं पाणी आणि नळाला 20 अंशांचं असेल, तर 40 अंशांच्या बादलीला निम्मं गरम पाणी लागतं, म्हणजे 10 लिटर. दहा माणसांचं घर, कुणी दोन बादल्या घेणार, कुणी केस धुणार. 200 लिटर धरा.

मग टेप घेऊन यंत्राच्या जागेपासून न्हाणीघरापर्यंतचं अंतर मोजा. वाड्यात खरी मेख इथेच असते. पाऊण इंची पाइपात मीटरमागे साधारण 0.3 लिटर पाणी राहतं, म्हणजे 20 मीटरची लाइन असेल तर दर वेळी 6 लिटर गार पाणी आधी मोरीत जाणार. यंत्र न्हाणीघराजवळ आणा, गरम लाइन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) घ्या आणि तिला फोमचं आवरण घाला.

सांगलीच्या पूर्वेला, जत-आटपाडीकडे, ऊन भरपूर पण बोअरचं पाणी जड. तिथे काचेच्या नळ्यांचा सोलर बरा. सपाट पॅनेलच्या बारीक तांब्याच्या नळ्या क्षारांनी बुजतात; ते घ्यायचंच तर हीट एक्स्चेंजरचं घ्या, म्हणजे बोअरचं पाणी पॅनेलच्या नळ्यांतून फिरत नाही. तोंड दक्षिणेला, उतार 25 ते 30 अंश, म्हणजे थंडीतलं तिरपं ऊन नीट लागतं. कौलांवर किंवा माळवदावर सोलर चढवू नका. 200 लिटरच्या टाकीत पाणीच 200 किलो, सांगाडा वेगळा, आणि जुन्या तुळया आतून वाळवीने खाल्लेल्या असल्या तरी बाहेरून कळत नाही. परसात लोखंडी स्टँड करा. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा, नाहीतर सोलर पूर्ण भरत नाही. हवेचा उभा पाइप कधीही बंद करू नका. तो तुंबला की टाकी फुगते, फाटते. रिकाम्या तापलेल्या नळ्यांत भर दुपारी पाणी सोडलंत तर काच तडकते. पहाटे भरा.

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाळाभर सोलरवर विसंबता येत नाही. तिथे हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेचं यंत्र, चांगला: 200 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला साध्या गिझरच्या कॉइलला 9 युनिटांच्या वर वीज लागते, हीट पंपाला साधारण तिसरा हिस्सा. महाग आहे, पण रोज दहाजण अंघोळ करत असतील तर परवडतो. दोघेच राहत असतील तर साधा गिझर पुरे.

कोणताही विजेचा पर्याय घेतलात, तरी लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगवर तो जोडू नका. 2 किलोवॅटच्या कॉइलला 9 अँपिअर लागतात. मीटरपासून 2.5 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, 16 अँपिअरचा सॉकेट, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) आणि नवीन अर्थिंग, एवढं झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही. गॅस गिझर वाड्याच्या बिनखिडकीच्या न्हाणीघरात नकोच. गॅस जळताना होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हा गिझर बाहेर, उघड्यावर बसवा.

तांब्याचा बंब मात्र मोडीत घालू नका. लग्नकार्याला, गणपतीत, वीज गेल्यावर तोच उपयोगी पडतो. जेवढं गरम पाणी काढाल तेवढं गार लगेच वरून ओता. विस्तव असताना बंब रिकामा झाला की सांध्यांचा डाख वितळतो, आणि नीट डाख देणारा कारागीर आता शोधावा लागतो.