चिनी छायाबाहुली घरी करताना: चामडं, खाचा आणि सांधे

शान्शी प्रांतात ही बाहुली गायीच्या चामड्याची करतात, हबेईत गाढवाच्या. पुण्यात तबला-ढोलकी मढवणाऱ्यांकडे मिळणारं शेळीचं कच्चं चामडं चालतं. बुटांचं कमावलेलं चामडं नको, त्यातून उजेड जात नाही. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. दमट हवेत चामडं सुरळी होतं.

चामडं भिजवून खरवडा, चौकटीत ताणून सावलीत वाळवा. मागे वर्तमानपत्र धरल्यावर अक्षरं दिसली, की झालं. नक्षी सुईनं ओरखडून उतरवा. आधी आतली बारीक नक्षी कापायची, बाहेरची कड सर्वांत शेवटी. उलट केलंत तर पकडायला जागा उरत नाही आणि चेहऱ्याची रेघ तुटते. शान्शीचे कारागीर तर सुरी स्थिर धरून चामडंच सरकवतात. नवख्यानं त्या फंदात पडू नये.

तुकडे साधारण अकरा: डोकं, छाती, कंबरेखालचं धड, दोन पाय, दोन दंड, दोन कोपराखालचे हात, दोन पंजे. सांध्यावर दोन थर येतात आणि पडद्यावर काळा डाग दिसतो. म्हणून तिथे चाकाच्या आऱ्यांसारख्या खाचा कापतात. दोरा ओवून दोन्हीकडे गाठ मारा, पण सैल. आवळली की कोपर अडकलाच.

रंग पारदर्शक हवा, दोन्ही बाजूंनी. पोस्टर कलर लावलात तर सावली नुसती काळी पडेल.

काड्या तीन: एक मानेशी, दोन पंज्यांना. सायकलचे जुने आरे झकास चालतात.