गेट, नेट आणि सेटचा कॉम्प्युटर सायन्स पेपर : या चुका टाळा

गेट या इंजिनीअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या सीएस, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात मुलांचे जे मार्क जातात, त्यातले बरेचसे येत असलेल्या विषयांचेच असतात. मी दरवर्षी मुलांच्या रिस्पॉन्स शीट समोर ठेवून एकेक प्रश्न बघते, आणि दरवर्षी तेच दिसतं. नॉर्मलायझेशन झालेलं असतं, ऑटोमाटा झालेला असतो, पेजिंगची गणितं सुटलेली असतात, तरी उत्तर चुकलेलं. कारण व्याख्येतली एखादी अट वाचायची राहून गेली. हा पेपर काढणाऱ्यांचं सगळं लक्ष त्या अटीवरच असतं. नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांमध्ये प्रश्न छोटे असतात, पण खोच तीच.

ज्या चुका बघून खरोखर कंटाळा आलाय, त्या आधी सांगते.

पहिली कँडिडेट की सापडल्यावर थांबणं

मागे एक मुलगा टेस्ट सिरीजचा पेपर घेऊन तावातावाने आला. "मॅडम, आन्सर की चुकलीये. मी त्यांना मेलपण केलाय." प्रश्न साधा होता. रिलेशनमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या टेबलात, चार अॅट्रिब्यूट (रकाने) : ए, बी, सी, डी. डिपेंडन्सी (कशावरून काय ठरतं ते) तीन : एबी वरून सी, सी वरून डी, डी वरून ए. सर्वात वरचा नॉर्मल फॉर्म (टेबलाच्या नीट मांडणीची पायरी) कोणता? त्याने सेकंड लिहिलं होतं, उत्तरात थर्ड होतं.

त्याचं म्हणणं असं, की एबी ही कँडिडेट की आहे (तिच्यावरून चारही अॅट्रिब्यूट मिळतात आणि तिच्यातलं काही गाळता येत नाही), एबी वरून सी मिळतो, सी वरून डी, म्हणजे डी ट्रान्झिटिव्ह (मधल्या सीमार्फत मिळणारा) झाला, मग थर्ड नॉर्मल फॉर्म कसा असेल? बोलणं ठाम होतं, पायऱ्याही नीट मांडल्या होत्या. मी त्याला एवढंच विचारलं, "अजून कुठली की आहे का?" तो म्हणाला, "एक मिळाली ना, मॅडम."

इथेच सगळं फसतं. या रिलेशनला तीन कँडिडेट की आहेत : एबी, बीसी आणि बीडी. बीडी घ्या : डी वरून ए मिळतो, मग एबी वरून सी. झाले चारही. बीसी घ्या : सी वरून डी, डी वरून ए. तिथेही चारही. म्हणजे चारही अॅट्रिब्यूट कुठल्या ना कुठल्या कीचा भाग आहेत, एकही नॉन-प्राइम नाही. थर्ड नॉर्मल फॉर्मची अट दोन पर्याय देते : डावी बाजू सुपर की (जिच्यावरून सगळे अॅट्रिब्यूट मिळतात) असावी, किंवा उजवीकडचा अॅट्रिब्यूट प्राइम असावा. सी वरून डी मध्ये सी सुपर की नाही, पण डी प्राइम आहे, म्हणून चालतं. त्याच्या वरच्या बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्ममध्ये तो दुसरा पर्याय काढून टाकलेला आहे, म्हणून तिथे हेच रिलेशन अडतं.

त्या मुलाने नॉर्मलायझेशनचे सगळे व्हिडिओ पाहिले होते, तेही दुप्पट वेगाने. वही सुंदर होती, व्याख्या रंगीत चौकटीत, 'किंवा' या शब्दाखाली रेघसुद्धा मारलेली. पण स्वतःच्या हाताने क्लोजर (दिलेल्या अॅट्रिब्यूटवरून काय काय मिळतं ते) काढलेलं एकही रिलेशन त्या वहीत नव्हतं. दुसऱ्याला सोडवताना बघितलं की आपल्यालाही आलं असं वाटतं, आणि हे वाटणं फार महागात पडतं. व्हिडिओतले सर सगळ्या की शोधतात तेव्हा ती पायरी इतकी सहज होते, की बघणाऱ्याला तिथे काही निर्णय होता हेच कळत नाही.

माझी सवय अशी. आधी कुठल्याच डिपेंडन्सीच्या उजव्या बाजूला न आलेले अॅट्रिब्यूट लिहायचे. इथे फक्त बी. तो प्रत्येक कीमध्ये असणारच. त्याचं एकट्याचं क्लोजर काढायचं, पुरत नसेल तर बाकीचे एकेक जोडत जायचं. हे सगळं झाल्याशिवाय नॉर्मल फॉर्म हा शब्दही कागदावर आणायचा नाही. दीडेक मिनिट जातं. गेटमध्ये १८० मिनिटांत ६५ प्रश्न असतात, तेव्हा हे दीड मिनिट मुलांना जिवावर येतं. पण दोन मार्कांचा एमसीक्यू (एकच पर्याय बरोबर असलेला प्रश्न) चुकला तर ते दोन तर जातातच, वर दोन तृतीयांश कापले जातात.

भाषेचा तोंडवळा बघून 'रेग्युलर नाही' म्हणणं

ही माझी दुसरी डोकेदुखी. भाषा म्हणजे इथे स्ट्रिंगचा, चिन्हांच्या ओळींचा संच. ठरावीक स्टेटच्या, वेगळी मेमरी नसलेल्या मशीनला ती ओळखता आली तर ती रेग्युलर. कोचिंगच्या नोट्समध्ये एक ओळ हमखास असते : तुलना करायची असेल, मोजायचं असेल, तर भाषा रेग्युलर नाही. ही ओळ पाठ केलेली मुलं मी लांबून ओळखते.

शून्य आणि एकच्या अशा स्ट्रिंग घ्या, ज्यांत '०१' जितक्या वेळा येतं तितक्याच वेळा '१०' येतं. तुलना आहे, मोजणी आहे, म्हणून वर्गातले बहुतेक हात 'रेग्युलर नाही'साठी वर जातात. आता कागदावर एक स्ट्रिंग लिहा आणि डावीकडून चालत जा. शून्यावरून एकवर गेलात की पुढचा बदल एकवरून शून्यावरच होणार, दुसरा रस्ताच नाही. म्हणजे दोन्ही मोजण्यांत एकापेक्षा जास्त फरक कधी पडतच नाही, आणि पहिलं व शेवटचं चिन्ह सारखं असेल तेव्हा त्या बरोबर येतात. एवढं तर पाच स्टेटचं मशीन लक्षात ठेवतं. भाषा रेग्युलर आहे.

गेटच्या जुन्या पेपरात याहून बोलकं उदाहरण आहे. डब्ल्यू, मग एक्स, मग डब्ल्यू उलटा. डब्ल्यू आणि एक्स म्हणजे शून्य-एकच्या कुठल्याही स्ट्रिंग, दोन्ही रिकामे नसलेले (म्हणून डोक्यावर प्लस). उलटा डब्ल्यू दिसला की मुलांच्या डोळ्यापुढे पॅलिन्ड्रोम उभा राहतो आणि पेन थेट स्टॅककडे, म्हणजे वेगळी मेमरी लागणाऱ्या मशीनकडे वळतं. पण डब्ल्यू एकाच चिन्हाचा असायला कोणाची हरकत आहे? मधलं सगळं एक्समध्ये ढकला. उरतं काय, तर पहिलं आणि शेवटचं चिन्ह सारखं आणि लांबी किमान तीन. रेग्युलर. आता एक्स शेवटी सरकवा : डब्ल्यू, उलटा डब्ल्यू, मग एक्स. ही रेग्युलर नाही. पहिल्याच रूपात डब्ल्यूच्या डोक्यावरचा प्लस काढून स्टार लावा : डब्ल्यू रिकामा घेता येतो आणि रिकामी सोडून प्रत्येक स्ट्रिंग भाषेत येते. एका चिन्हाच्या फरकाने उत्तर कुठून कुठे जातं बघा.

त्याच पंगतीतल्या आणखी दोन. पम्पिंग लेमा वापरून भाषा रेग्युलर आहे असं सिद्ध करता येत नाही. तो फक्त नसल्याचं दाखवायला आहे, आणि काही नॉन-रेग्युलर भाषाही त्याची अट पाळतात. आणि रेग्युलर भाषेचा सबसेट रेग्युलर असतोच असं नाही. सगळ्या स्ट्रिंगची भाषा रेग्युलर आहे आणि जगातली प्रत्येक भाषा तिचा सबसेट आहे, एवढं आठवलं तरी पुरे.

उपाय विचाराल तर मी मुलांना उत्तर ठरवण्याआधी भाषेतल्या सात-आठ छोट्या स्ट्रिंग लिहायला लावते, लहानापासून मोठ्याकडे. काही जणांना हे पहिलीतल्या पोरांचं काम वाटतं. पण डब्ल्यू एका चिन्हाचा घेता येतो, हे अशा यादीतच पहिल्यांदा दिसतं.

आकडे घालायची घाई

टीएलबीचं, म्हणजे पेज टेबलातल्या नोंदी पटकन मिळाव्यात म्हणून ठेवलेल्या छोट्या कॅशचं गणित. टीएलबी बघायला २० नॅनोसेकंद, मेमरीला १००, हिट रेशो (नोंद टीएलबीतच सापडण्याचं प्रमाण) ८० टक्के, पेज टेबल एकाच पातळीचं आणि मेमरीत. हिटला १२०, मिसला २२०, सरासरी १४०. मिसच्या वेळी टीएलबी आधी बघितला होताच, ते २० विसरून २०० धरतात आणि १३६ लिहितात. एमसीक्यू असेल तर १३६ हा पर्याय बहुधा तिथे असतोच, म्हणून मुलांना शंकाही येत नाही.

नेटवर्कमध्ये बिट आणि बाइट. १००० बाइटची फ्रेम, १ एमबीपीएसची लिंक, एका बाजूचा प्रोपगेशन डिले २० मिलिसेकंद, स्टॉप अँड वेट (पावती आल्यावरच पुढची फ्रेम). फ्रेम पाठवायला ८ मिलिसेकंद, एक फेरी ४८ मिलिसेकंदांची (पावतीचा वेळ नगण्य धरून), म्हणजे लिंकचा उपयोग ८ भागिले ४८, साधारण १६.६७ टक्के. बाइटचे बिट करायला विसरलात तर २.४४ येतं. शिवाय मेमरीतला किलो १०२४ चा आणि लिंकच्या वेगातला १००० चा, हे प्रत्येक वेळी आठवून लिहावं लागतं. मी प्रत्येक आकड्याशेजारी एकक लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहू देत नाही. मुलं कुरकुरतात, कुरकुरू देत.

आणि कॅल्क्युलेटर. गेटमध्ये स्वतःचा नेता येत नाही, स्क्रीनवरचा माउसने चालवावा लागतो. घरी वर्षभर मोबाइलवर बोटं चालवून तिथे पहिल्यांदा माउसने लॉग शोधणाऱ्यांचा वेळ नको तिथे जातो. सरावाला पहिल्या दिवसापासून तसाच कॅल्क्युलेटर वापरा.

एका-एका ओळीच्या, पण दरवर्षीच्या

मास्टर थिअरम (रिकर्शनला लागणारा वेळ थेट देणारा नियम) दिसेल तिथे लावणं : टी ऑफ एन बरोबर दोन गुणिले टी ऑफ एन बाय टू, अधिक एन लॉग एन, इथे मूळ तीन केस लागू होत नाहीत, रिकर्शन ट्री काढा, एन लॉग वर्ग एन मिळेल.

रिसोर्स अॅलोकेशन ग्राफमध्ये सायकल दिसली की डेडलॉक (प्रोसेस एकमेकींची वाट बघत कायमच्या अडकणं) लिहिणं. प्रत्येक रिसोर्स एकेकच असेल तरच ते खरं.

दोनचा टू-एन घात हा बिग-ओ (वाढीची वरची मर्यादा) ऑफ दोनचा एन घात आहे असं मानणं. तो चारचा एन घात आहे, बसत नाही.

एनपी (ज्यांचं उत्तर पटकन तपासता येतं असे प्रॉब्लेम) म्हणजे अवघड, असं धरून चालणं. पी मधला, म्हणजे पटकन सुटणारा प्रत्येक प्रॉब्लेम एनपीतही असतो.

रिडक्शन (एक प्रॉब्लेम दुसऱ्यात बदलणं) उलट्या दिशेने करणं. नवा प्रॉब्लेम एनपी-हार्ड दाखवायचा असेल तर माहितीतला हार्ड प्रॉब्लेम नव्याकडे न्यायचा.

सी प्रोग्रामचं उत्तर लॅपटॉपवर चालवून बघणं. परीक्षेत कंपायलर नसतो. रिकर्शन आणि स्टॅटिक व्हेरिएबल एकत्र आलं की स्टॅक कागदावरच काढायला शिका, दुसरा मार्ग नाही.

अॅप्टिट्यूड आणि मॅथ्स 'शेवटच्या महिन्यात बघू' म्हणणं. अॅप्टिट्यूडचे १५, इंजिनीअरिंग मॅथ्सचे १३, मिळून १०० पैकी २८ मार्क. कंपायलरमध्ये रुतून बसलेली हुशार मुलं हे मार्क सोडून देतात तेव्हा फार वाईट वाटतं.

अंदाज मारायचा की नाही

याबाबत दोन टोकाचे सल्ले फिरतात, 'काहीच सोडू नका' आणि 'शंका आली की हात लावू नका'. दोन्ही आंधळे. एक मार्काच्या एमसीक्यूला चुकीबद्दल एक तृतीयांश जातो. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर अंदाजाची सरासरी कमाई शून्य, त्यात वेळ घालवू नका. पण एक पर्याय खात्रीने उडवता आला तर ती एक नवमांश होते, दोन उडवले तर एक तृतीयांश. मग लिहा. एमएसक्यू (एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकणारे प्रश्न) आणि आकडा टाकायच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नाही, ते कोरे सोडणं म्हणजे हातचं घालवणं. फक्त एमएसक्यूमध्ये थोडं बरोबर असल्याचे थोडे मार्क मिळत नाहीत. सगळे बरोबर पर्याय निवडले आणि एकही चुकीचा नाही, तरच मार्क. म्हणून तिथे प्रत्येक पर्याय स्वतंत्र खरं-खोटंसारखा तपासा. 'दोन मिळाले, बास' असं करू नका.

शॉर्टकटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सूत्र स्वतः काढता येत असेल तर खुशाल वापरा. ३ प्रोसेस, प्रत्येकाला जास्तीत जास्त २ रिसोर्स, तर ४ असले की डेडलॉक होत नाही, हे सूत्राने येतं. पण ते का येतं, म्हणजे प्रत्येकाला एकेक कमी देऊन वर एक ठेवला, हे कळलेलं असेल तरच प्रत्येकाची गरज वेगवेगळी दिलेला प्रश्न सुटतो. नोव्हेंबरात सुरुवात करून फेब्रुवारीत वरची रँक मागणाऱ्यांना सूत्रांची पीडीएफ हवी असते. पी हळद आणि हो गोरी, असं या विषयात होत नाही. त्यांनी तीन महिन्यांत चार विषय हाताने सोडवून पक्के केले तर मला जास्त आनंद होईल, आणि त्यांना मार्कही जास्त पडतील.

गेटच्या तयारीवर नेट-सेट देणं

एमसीए, एमएस्सी झालेल्यांची ही खास चूक. 'गेटचा अभ्यास झालाय, नेट निघेलच.' नेटच्या दुसऱ्या पेपरात दहा युनिट आहेत, आणि त्यात गेटच्या सीएसमध्ये नसलेलं बरंच आहे : सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग, कॉम्प्युटर ग्राफिक्स, ऑप्टिमायझेशन, आर्टिफिशियल इंटेलिजन्स. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं त्या सेटलाही हेच विषय सोडून चालत नाही. नेटमध्ये दोन्ही पेपर मिळून तीन तासांत १५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे कोरा प्रश्न ठेवून उठणारा उमेदवार बघितला की जीव तुटतो.

गेटवाली मुलं एआयला 'वाचून होईल' अशा खात्यात टाकतात. पण तिथेही अटीच विचारतात. ए-स्टार हा मार्ग शोधायचा अल्गोरिदम सर्वोत्तम मार्ग कधी देतो? मुलं 'ह्युरिस्टिक अॅडमिसिबल असला की' (उरलेल्या खर्चाचा अंदाज खऱ्यापेक्षा कधीच जास्त नसला की) एवढं लिहून मोकळी होतात. ट्री सर्चसाठी ते पुरतं. एकदा बंद केलेला नोड पुन्हा न उघडणारा ग्राफ सर्च असेल तर कन्सिस्टंट ह्युरिस्टिक (एका पायरीत त्या पायरीच्या खर्चापेक्षा जास्त न घटणारा) लागतो. पाच-सहा नोडचा एक ग्राफ घ्या, ह्युरिस्टिक अॅडमिसिबल पण इनकन्सिस्टंट ठेवा, आणि ओपन-क्लोज्ड याद्या हाताने लिहीत शेवटपर्यंत जा. अर्धा तास लागेल, आणि कुठल्या नोडवर मार्ग चुकतो ते नेमकं दिसेल.