कपाटात भाजी लावताय? मुंबईच्या हवेत या चुका टाळा

लालबागला आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. हॉलची खिडकी समोरच्या टॉवरकडे, स्वयंपाकघराची डक्टमध्ये. ऊन म्हणाल तर मार्च-एप्रिलमध्ये सकाळी वीस-पंचवीस मिनिटं, तेही लादीवर. म्हणून काही वर्षांपूर्वी सासूबाईंचं जुनं लोखंडी कपाट रिकामं केलं, आतून पांढरा रंग मारला, दिवे बसवले आणि त्यात कोथिंबीर, मेथी, सब्जा आणि मिरचीची दोन झाडं लावली. आता बिल्डिंगमधल्या चार घरांत अशी कपाटं आहेत आणि काही बिनसलं की मला हाक मारतात. पाहायला गेलं की दहातल्या आठ वेळा त्याच त्या चुका दिसतात. चांगली निगा राखणारी माणसं आपल्याच हातून झाडं मरताना बघून नाउमेद होतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दुसऱ्याच झाडाचे आकडे

कपाटात दिवे लावून झाडं वाढवण्याची माहिती शोधायला गेलात की निम्म्याहून जास्त व्हिडिओ परदेशातल्या गांजाच्या झाडांचे निघतात. आपल्याकडे परवान्याशिवाय गांजा लावणं हा १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने गुन्हा आहे, घरात एकच रोप असलं तरी. त्यामुळे तो विषय तिथेच संपला. पण त्या व्हिडिओंमधले आकडे लोक उचलतात आणि कोथिंबिरीला लावतात, तिथे घोळ होतो.

‘१८ तास दिवा लावा’ हा सल्ला त्यातलाच. कोथिंबीर आणि पालक यांना दिवस मोठा झाला की फुलोरा येतो. १८ तास उजेड मिळालेली कोथिंबीर महिनाभरातच मधून दांडा काढते, नवी पानं शेपूसारखी बारीक येतात आणि वास उग्र होतो. मग ‘बी खराब होतं’ म्हणून दुकानदाराला दोष दिला जातो. कोथिंबीर-पालकाला १२ तास पुरे. मेथी आणि सब्जाला १४ चालतात, मिरचीला १४ ते १६. सगळं एकाच खणात असेल तर १२ वरच ठेवा. मिरची थोडी रेंगाळेल, पण कोथिंबीर हातची जाणार नाही.

दिवे हाताने चालू-बंद करायच्या भानगडीत पडू नका. लग्नाला गावी गेलात की तीन दिवस अंधार. साधा चोवीस तासांचा टायमर घ्या. तो चकतीचा असेल तर वीज गेल्यावर चकतीही थांबते आणि पुढे सगळं वेळापत्रक तेवढं मागे पडतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती तेव्हा माझ्याकडे असंच झालं. नंतर दोन आठवडे दिवे भलत्याच वेळी लागत होते आणि माझ्या लक्षातच आलं नाही.

सगळा पैसा दिव्यांवर, हवेचा विचारच नाही

हे मुद्दाम लांबवून सांगते, कारण मुंबईत कपाटातली झाडं सगळ्यात जास्त मरतात ती कोंडलेल्या हवेने. थंड, कोरड्या देशात बंद कपाट झाडाला ऊब देतं. आपल्याकडे बाहेरच बत्तीस अंश असतात. त्यात दिव्यांची उष्णता आणि पानांतून सुटणारी वाफ. दार लावलं की आतलं तापमान खोलीपेक्षा सहज चार-पाच अंश वर जातं. ३५ च्या पुढे गेलं की मिरचीची फुलं गळतात, कोथिंबीर उगवायलाच तयार नसते.

आधी एक साधी परीक्षा करा. उदबत्ती पेटवून कपाटात धरा, दार लोटून घ्या आणि फटीतून धूर कुठे जातो ते बघा. धूर जागच्या जागी घुटमळत असेल तर तुमच्या पानांभोवतीची हवाही तशीच साचलेली आहे.

उपाय महाग नाही. कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा पंखा आणि त्याचा अ‍ॅडॅप्टर लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळतो. तो कपाटाच्या वरच्या भागात, हवा बाहेर फेकेल असा बसवायचा, कारण गरम हवा वर चढते. खाली हवा आत यायला भोकं हवीत, आणि ती पंख्याच्या भोकाच्या निदान दुप्पट क्षेत्रफळाची. बरेच जण पंखा बसवतात पण खालची वाट ठेवतच नाहीत. मग पंखा नुसता घरघरतो आणि हवा तसूभर हलत नाही. भोकांना मच्छरदाणीचं कापड लावा, नाहीतर झुरळं रात्रीत कोवळे कोंब कुरतडतात. दुसरा एक छोटा पंखा आत, पानांवरून हलकी झुळूक जाईल असा. पानं थरथरली पाहिजेत, वाकली नाही पाहिजेत.

हे पंखे रात्री, म्हणजे दिवे बंद असतानाही, चालू ठेवायचे. दिवे गेले की कपाट थंड होतं, हवेतला दमटपणा पानांवर बसतो आणि बुरशीला हवं ते मिळतं. जून ते सप्टेंबर बाहेरचीच हवा इतकी ओली असते की पंख्याने आतला दमटपणा कमी होईल अशी आशा धरू नका. होणार नाही. पण पानांवरून वारा फिरत राहिला तर पानं ओली राहत नाहीत, आणि तेच पुरेसं असतं. पावसाळ्यात मी कुंड्यांची संख्या सरळ निम्मी करते. पानाला पान चिकटलेलं दिसलं की एक कुंडी बाहेर काढते.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये आणखी एक करून बघा. दिवे दिवसा लावायच्या ऐवजी संध्याकाळी सातला लावा आणि सकाळी बंद करा. झाडाला बाहेरच्या सूर्याशी देणंघेणं नसतं, त्याला ठरावीक तास उजेड आणि ठरावीक तास अंधार हवा. दुपारच्या काहिलीत दिव्यांची उष्णता त्यात मिसळत नाही, एवढ्यानेच फरक पडतो.

रोज सकाळी एक तांब्या पाणी

गॅलरीतल्या तुळशीची सवय असते, अंघोळ झाली की तांब्याभर पाणी. कपाटात ऊन नाही, कोरडा वारा नाही, पाणी उडून जातच नाही. मातीचा वरचा थर सुकलेला दिसतो आणि खाली चिखल असतो. मुळं गुदमरली की पानं मलूल होतात, मलूल पानं बघून माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड दोन दिवसांत बसतं.

माझी खूण अशी. कुंडी उचलून बघायची. भरपूर पाणी घातल्यावर एकदा उचलून वजन हाताला ओळखीचं करून घ्या, मग सुकल्यावर पुन्हा उचला. आठवड्याभरात हाताला कळायला लागतं. शिवाय बोट दोन पेरं आत घालून बघा, आत ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. घालाल तेव्हा खालून वाहीपर्यंत घाला आणि थाळीत साचलेलं अर्ध्या तासात ओतून टाका.

नुकती उगवलेली रोपं रात्रीत मातीलगत बारीक होऊन आडवी पडली, जणू कुणी चिमटीत दाबलं, तर ती रोपमर. जास्त ओल आणि बंद हवा यांचीच ती बुरशी. आडवी पडलेली रोपं वाचत नाहीत, उपटून फेका आणि ती माती पुन्हा वापरू नका. पुढच्या वेळी मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळा आणि बी विरळ टाका. मेथीचं वेगळं, ती दाट चालते, कारण आपण तिला लहानच खुडतो. चौपाटीलगतच्या वाळूत होणारी समुद्रमेथी बाजारात बघितली असेल ना, इवलीशी जुडी, पांढऱ्या देठांची? मेथी तशीच, दोन-तीन आठवड्यांत कापायची.

ओल्या मातीचं दुसरं दुखणं म्हणजे बारीक काळ्या माश्या. दिवा लागला की कुंडीतून उठतात आणि नाकातोंडात जातात. माश्या मारून काही होत नाही, त्यांच्या अळ्या मातीत मुळं खात असतात. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उलटून बघा. काळ्या डोक्याच्या, काचेसारख्या बारीक अळ्या चिकटलेल्या दिसल्या तर खात्री झाली. वरचा इंचभर थर पूर्ण सुकू द्या, पाणी खालून थाळीतून पाजा, पिवळे चिकट सापळे लावा आणि तीन-चार आठवडे हे सोडू नका. एक पिढी संपायला तेवढा वेळ लागतोच.

कोकोपीट न धुता वापरणं

कोकोपीटची वीट भिजवली की टोपलीभर होते, म्हणून सगळ्यांना आवडते. पण नारळाच्या काथ्यात क्षार असतात. वीट भिजवून, पाणी पिळून टाकून, असं तीनदा तरी करा. आणि धुतलेलं कोकोपीटसुद्धा कॅल्शियम धरून ठेवतं. आपलं पालिकेचं पाणी सात तलावांतलं, पावसाचं, म्हणजे मऊ. त्यात कॅल्शियम मुळात थोडं. आरओचं पाणी घालणारे तर तेवढंही काढून टाकतात. परिणाम मिरचीच्या शेंड्यावर दिसतो: नवी पानं वेडीवाकडी, कडा जळलेल्या. दर पंधरा दिवसांनी लिटरला एक ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट द्या. ते दुसऱ्या खतांबरोबर एकाच भांड्यात कालवू नका, साका होऊन तळाशी बसतं. उन्हाळ्यात सोसायटीला टँकर येत असेल तर ते बहुधा बोअरचं असतं, मातीवर पांढरी पापडी धरते. तशी दिसली की साध्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा.

एक भाग कोकोपीट, एक भाग माती, एक भाग गांडूळखत, एवढ्यावर पालेभाजी वेगळ्या खताशिवाय निघते. मिरचीला महिन्यानंतर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम. पुड्यावर लिहिलेलं प्रमाण उन्हातल्या शेतासाठी असतं. कमी उजेडातलं झाड तेवढं खत पचवू शकत नाही, पानांची टोकं करपतात.

बी

धणे लाटण्याने हलकेच दाबून दोन फाकी करून पेरा. दहा-बारा दिवस धीर धरा. सब्जाचं बी वाण्याकडचं, फालुद्यातलंच चालतं. पण त्यावर माती ढकलू नका, नुसतं वर दाबा.

दिवा किती वर?

रोपं काडीसारखी लांब, फिकट आणि एका बाजूला कललेली असतील तर दिवा लांब आहे. कपाटाच्या छताला दिवा आणि दोन फूट खाली कुंडी, हे दृश्य मी सगळ्यात जास्त पाहिलं आहे. साध्या एलईडी बॅटनना फारशी धग नसते, पानांच्या वर दहा-पंधरा सेंटिमीटरवर आणा. दिवे साखळीला टांगा, म्हणजे झाड वाढेल तसे वर सरकवता येतात. तीन फुटी खणाला दोन फुटी, दहा वॅटचे चार बॅटन पालेभाजीला पुरतात. मिरचीच्या खणात मी सहा लावले आहेत. रंग ६५०० केल्विन, म्हणजे पांढरा. हे दहा बॅटन मिळून १०० वॅट, १४ तासांचे दिवसाला १.४ युनिट, महिन्याला ४२. घ्यायच्या आधी हा हिशोब घरात मांडा, बिल आल्यावर नको.

मिरचीला फुलं येऊन गळत असतील आणि उष्णता बेताची असेल, तर लक्षात घ्या, कपाटात ना वारा ना मधमाशी. फुललेल्या फांदीला रोज सकाळी बोटाने हलकी टिचकी मारा.

मिरचीची पानं आकसली की लगेच औषध

थांबा, आधी पान नीट बघा. कडा वर वळून होडीसारखं झालं असेल तर बहुधा फुलकिडे. खाली वळून उलट्या वाटीसारखं झालं, देठ लांबला, तर कोळी ही बारीक कीड. दोन्ही असतील तर शेंडा खुडून पिशवीत बांधून टाका. मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण चांगला घुसळून पानांच्या खालच्या बाजूने फवारा, आठवड्यातून एकदा, तीन वेळा. फवारणी दिवे बंद झाल्यावरच करा, नाहीतर पानं भाजतात. कपाटात फवारू नका, मोरीत न्या. पानांवर पिठासारखे पांढरे ठिपके म्हणजे भुरी. ती पानं काढा, झाडं विरळ करा आणि पंखा तपासा.

ही कीड बहुतेक वेळा विकत आणलेल्या रोपाबरोबर येते. नर्सरीतून आणलेलं रोप त्याच दिवशी कपाटात ठेवू नका. दहा-बारा दिवस खिडकीत, वेगळं ठेवा, पानं रोज उलटून बघा.

खालच्या खणात एक्स्टेंशन बोर्ड

हे पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो. वरून पाणी ठिबकतं, कपाट लोखंडी, माणूस अनवाणी. बोर्ड कपाटाच्या बाहेर, भिंतीवर, कुंड्यांच्या वरच्या उंचीला लावा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी तळाशी ठिबकेल, प्लगात शिरणार नाही. कपाटाला अर्थिंग करून घ्या. घरात ३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या बिल्डिंगांमध्ये नुसता फ्यूज असतो, आणि तो विजेच्या धक्क्यापासून माणसाला वाचवत नाही. हे काम झाल्याशिवाय कपाटातला पहिला दिवा लावू नका.