सोंगटी चुकली? लगेच हात फिरवू नका

आमच्या चाळीत जिन्याखाली रोज रात्री कॅरम चालतो. शिकायला आलेला प्रत्येक पोरगा एकच घोळ घालतो. सोंगटी डावीकडे गेली की पुढच्या फटक्याला हात उजवीकडे, मग ती जाते उजवीकडे. रात्रभर हेच.

आधी एवढं करा. सोंगटी एकाच जागी ठेवून, स्ट्रायकरही दर वेळी त्याच जागी ठेवून, पाच फटके मारा. मधे काही सुधारू नका. पाचही वेळा ती पॉकेटच्या एकाच बाजूला आदळली तर नेम चुकतोय. तो बदला, पण सूतभर. इकडेतिकडे विखुरली तर नेमाला हात लावू नका, बोट डळमळतंय. तळवा आणि बाकीची बोटं फळीवर पक्की टेकवा.

फटका सुटला की सोंगटी आदळायच्या आत मनात म्हणा, जाड लागली (मधोमध) की बारीक (कडेला). वाटलं काय आणि झालं काय, या फरकावरच लहान मेंदू हाताला वळण लावतो. म्हणून भाचा चुकला की मी तोंड बंद ठेवतो. आधी त्यानं सांगायचं. (हे मला फार जड जातं.)

पावसाळ्यात फळी दमट होते, सोंगटी अर्ध्यात थांबते. चार-पाच फटक्यांत हात आपसूक जोर वाढवतो. मग कुणीतरी फळी पुसून कोरडी पावडर टाकतं, आणि सोंगटीच्या मागोमाग स्ट्रायकरही पॉकेटात! फळी गुळगुळीत झाल्याचं डोक्याला कळलेलं असतं, हाताला नाही. शदमेहर आणि मुसा-इवाल्डी या संशोधकांनी १९९४ मध्ये यंत्राच्या दांड्यानं लोकांचा हात बाजूला ढकलून पाहिला. सवय झाल्यावर ढकलणं बंद केलं, तर हात उलट्या बाजूला वाकडा गेला. तेव्हा नव्या पावडरीवरचे पहिले दोन फटके राणीवर घालवू नका.

आणि एकच फटका घासत बसू नका. कर आणि बूथ या संशोधकांनी १९७८ मध्ये ८ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या नेमानं फेकायला लावल्या; काहींना फक्त ३ फुटांवरून, काहींना २ आणि ४ फुटांवरून. परीक्षा ३ फुटांची, तरी सरस ठरली २-४ वाली. भाच्याला समोरच्या डाव्या पॉकेटातला सरळ फटकाच हवा असतो. मी रोज त्याची सोंगटी दोन बोटं सरकवून ठेवतो.