पोलीस, पालिका, सरकारी हॉस्पिटल: मानवी हक्क आयोगाकडे तक्रार कशी करायची (मुंबईकरांसाठी)

आधी एक गोष्ट क्लिअर करू. गाडीच्या काचेवर ‘ह्यूमन राइट्स’चा स्टिकर लावून फिरणारी, गळ्यात आयकार्ड अडकवून ‘तुमचं काम करून देतो’ म्हणणारी जी मंडळी आहेत ना, त्यांचा आणि आयोगाचा काडीचा संबंध नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग ही कायद्याने बनलेली संस्था आहे, मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा आणि आयोगही त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला स्थापन झाला. त्याच कायद्याखाली राज्यांचे वेगळे आयोग आहेत, आपला महाराष्ट्राचा २००१ पासून, आणि तो बसतो मुंबईतच. तक्रारीला फी नाही, स्टॅम्प पेपर नाही, वकील लागत नाही, एजंट तर नाहीच नाही. कोणी ‘फॉर्मचे’ पैसे मागितले की तिथूनच मागे फिरा.

तुमची केस तिथे बसते का?

हे न बघताच लोक तक्रार ठोकतात आणि मग दोन ओळींचं पत्र येतं की तक्रार निकाली काढली. कायद्यात मानवी हक्क म्हणजे जीवन, स्वातंत्र्य, समानता आणि प्रतिष्ठा यांच्याशी जोडलेले हक्क, संविधानाने दिलेले किंवा आंतरराष्ट्रीय करारांतले पण आपल्या कोर्टात लागू होणारे. आणि ते मोडणारा हवा सरकारी माणूस, म्हणजे लोकसेवक. पोलीस, जेलचा स्टाफ, पालिकेचा अधिकारी, सरकारी डॉक्टर, सरकारी वसतिगृहाचा अधीक्षक. शेजाऱ्याशी भिंतीवरून भांडण, भावाशी खोलीवरून वाद, कंपनीने पगार थकवला, सरकारी नोकरीतली बदली-बढती, यातलं काहीही आयोग साधारणपणे घेत नाही. निनावी तक्रार नाही, मोघम तक्रार नाही, कोर्टात चालू असलेलं प्रकरण नाही.

आता मुंबईतला नेहमीचा प्रश्न, सोसायटीने जात किंवा धर्म बघून फ्लॅट नाकारला तर? सोसायटी म्हणजे लोकसेवक नाही, त्यामुळे सरळ तिच्याविरुद्ध आयोगाकडे गेलात तर हात हलवत परत याल. पण कायद्यात एक शब्द आहे तो लक्षात ठेवा, दुर्लक्ष. लोकसेवकाने स्वतः हक्क मोडला तरच असं नाही, मोडला जात असताना रोखण्यात हयगय केली तरी तक्रार होते. म्हणजे समजा जातीवरून शिवीगाळ झाली, तुम्ही ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायला गेलात आणि पोलिसांनी एनसी (म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) हातात देऊन घरी पाठवलं, तर इथे दार उघडतं. तक्रार त्या पोलिसांच्या हयगयीची करायची, सोसायटीच्या चेअरमनची नाही. आणि पोलीस एफआयआर घेत नसतील तर तीच फिर्याद स्पीड पोस्टने डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना) पाठवून पावती ठेवा, म्हणजे हयगयीचा कागद आपोआप तयार होतो.

मुदत एक वर्ष. घटना घडली त्या तारखेपासून, तुम्हाला आठवलं तेव्हापासून नाही.

दिल्ली (राष्ट्रीय आयोग) की सीएसएमटी (राज्य आयोग)?

दोन्हीकडे टाकतो म्हणजे कुठून तरी होईल, हा आपला आवडता मार्ग, आणि इथे तोच नडतो. राज्य आयोगाकडे किंवा कायद्याने बनलेल्या दुसऱ्या कुठल्याही आयोगाकडे (महिला, अल्पसंख्याक, अनुसूचित जाती, बालहक्क) प्रकरण चालू असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही. एकच दार निवडा.

साधा हिशोब सांगतो. मुंबई पोलीस, बीएमसी, राज्य सरकारची हॉस्पिटलं, आर्थर रोड जेल, हे सगळं राज्य आयोगाकडे. एअरपोर्टवरचे सीआयएसएफवाले (केंद्राचं सुरक्षा दल), कस्टम्स, केंद्राची ऑफिसं, हे दिल्लीकडे. लोकलमध्ये किंवा प्लॅटफॉर्मवर काही झालं तर आधी खात्री करा की अंगावर आलेला माणूस जीआरपीचा (रेल्वे पोलीस) होता की आरपीएफचा (रेल्वे सुरक्षा दल), कारण खाकी दोघांची पण जीआरपी म्हणजे महाराष्ट्र पोलीस आणि आरपीएफ केंद्राची. बॅज बघा, नसेल दिसला तर स्टेशनवर कुठल्या चौकीत नेलं होतं त्यावरून कळतं. केंद्राच्या सशस्त्र दलांच्या (सीआयएसएफ, आरपीएफ त्यातच आले) बाबतीत राष्ट्रीय आयोगाचा हातही जरा आखडता आहे, कलम १९ प्रमाणे तो केंद्र सरकारकडून अहवाल मागवतो आणि त्यावर शिफारस करतो, स्वतः नेहमीसारखी चौकशी करत नाही. राज्याचा विषय चुकून दिल्लीला गेला तर दिल्ली तो राज्य आयोगाकडे वर्ग करू शकते, पण त्यात महिने जातात.

कागद जमवा, आणि लगेच

माझं स्पष्ट मत, केस इथेच जिंकली किंवा हरली जाते, नंतर कितीही चांगलं इंग्रजी लिहा उपयोग नाही. मार बसला असेल तर त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलात जा, केईएम, सायन, नायर, जेजे, जे जवळ असेल ते, केसपेपर काढा आणि डॉक्टरला सांगा की एमएलसी (म्हणजे पोलीस केसची वैद्यकीय) नोंद करा, कोणी मारलं तेही सांगा. ‘जिन्यावरून पडलो’ म्हणालात तर तेच आयुष्यभर कागदावर राहणार. वळ, सूज यांचे फोटो काढा पण एडिट नको, व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ डिलीट तर अजिबात नको.

मग सीसीटीव्ही. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलं की प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत, लॉकअप, व्हरांडा, रिसेप्शन, सगळीकडे, आणि रेकॉर्डिंग शक्यतो अठरा महिने आणि निदान एक वर्ष राहिलं पाहिजे. त्याच निकालात असंही आहे की कोठडीत मारहाणीची तक्रार आली तर मानवी हक्क आयोग ते फुटेज ताबडतोब मागवून घेऊ शकतो. म्हणून दोन कामं करा. एक, सीनियर पीआयच्या (ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्याच्या) नावाने साधा अर्ज, अमुक तारखेचं अमुक ते अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा, कॉपी डीसीपींना, आणि झेरॉक्सवर आवकचा शिक्का मारून घ्या. शिक्का देत नसतील तर वाद घालत बसू नका, स्पीड पोस्ट करा. दुसरं, दहा रुपयांचा आरटीआय टाकून त्या रात्रीची स्टेशन डायरी (ठाण्यातली रोजची नोंदवही) मागा. मिळेलच असं नाही, पण नकार आला तरी तोही जोडता येतो.

तक्रार लिहायची कशी

मराठीत लिहा, बिनधास्त. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली कुठलीही भाषा राष्ट्रीय आयोगालाही चालते. पानभर ‘गरिबाला कोणी वाली नाही, लोकशाहीचा खून’ असलं लिहू नका, ते सगळं खरं असेल पण वाचणाऱ्याला त्यातून काही हाती लागत नाही. तारीख, वेळ, जागा, कोण, काय केलं, बस. समजा स्टेशनबाहेर भाजीची गाडी लावणारा पोरगा आहे, तर त्याची तक्रार अशी वाचली गेली पाहिजे:

‘अमुक तारखेला रात्री साडेदहाच्या सुमारास स्टेशनच्या पूर्वेला मी गाडी बंद करत होतो. दोन शिपाई आले. एकाच्या नेमप्लेटवर अमुक नाव होतं, दुसऱ्याला नेमप्लेट नव्हती. मला जीपमधून ठाण्यात नेलं. अटक केल्याचा कागद केला नाही, घरी कळवलं नाही. रात्री पाठीवर आणि तळपायांवर पट्ट्याने मारलं. सकाळी सातला सोडलं. साडेनऊला हॉस्पिटलात केसपेपर काढला, त्याची प्रत जोडली आहे.’

बघा, यात एकही विशेषण नाही. पण नेमप्लेट नाही, अटकेचा कागद नाही, घरी कळवलं नाही, ही तिन्ही वाक्यं वजनदार आहेत, कारण सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात घालून दिलेले नियमच त्यांनी मोडलेत. वाचणारा बरोबर पकडतो.

शेवटी काय हवंय ते सरळ मागा. चौकशी करा, ठाण्याचं फुटेज मागवा, नुकसानभरपाईची शिफारस करा, दोषींवर कारवाईची शिफारस करा. उपचाराचा खर्च अंगावर पडला असेल किंवा कमावता माणूसच पडून असेल तर मानवी हक्क कायद्याच्या कलम १८ खाली तातडीची अंतरिम मदत मागा, चौकशी पूर्ण व्हायची वाट बघावी लागत नाही. आणि एक ओळ नक्की टाका की हे प्रकरण कुठल्याही कोर्टात किंवा दुसऱ्या आयोगापुढे चालू नाही (अर्थात खरं असेल तरच).

पीडित माणूस स्वतः आत असेल, घाबरलेला असेल, लिहिता येत नसेल, तर त्याच्या वतीने बायको, मित्र, शेजारी, वस्तीतला कार्यकर्ता कोणीही करू शकतो. नाव-पत्ता मात्र खरा द्या.

द्यायची कुठे

राज्य आयोगाचं ऑफिस ९, हजारीमल सोमाणी मार्ग, सीएसएमटीसमोर, पिन ४००००१. ट्रेनमधून उतरून चालत जाता येतं. दोन सेट न्या, एक द्या, दुसऱ्यावर पोच घ्या. दिल्लीसाठी मानव अधिकार भवन, सी ब्लॉक, जीपीओ कॉम्प्लेक्स, आयएनए, नवी दिल्ली ११००२३, किंवा आयोगाच्या एचआरसीनेट पोर्टलवर ऑनलाइन, किंवा जवळच्या सीएससी (कॉमन सर्व्हिस) सेंटरमधून. दिल्लीच्या आयोगाची हेल्पलाइन १४४३३. डायरी नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) मिळतो तो फोटो काढून घरच्यांच्या ग्रुपवर टाकून ठेवा.

नंतर काय होतं

आयोग संबंधित खात्याला नोटीस काढतो, अहवाल मागवतो. साक्षीदाराला बोलवायचं, कागद हजर करायला लावायचं, याबाबतीत त्याला दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. पोलिसांच्या अहवालात बहुधा असतं की असं काही घडलंच नाही. तो अहवाल तुमच्याकडे म्हणणं मांडायला आला तर ती वेळ झोपायची नाही, मुद्द्याला मुद्दा लावून उत्तर द्या, ‘अहवालात सकाळी सातला मी तिथे नव्हतो म्हणतात, फुटेज बघा’ अशा पद्धतीने. उत्तरच गेलं नाही तर फाइल बंद व्हायला कितीसा वेळ लागतो? आणि भाड्याची खोली बदलली किंवा बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाऊन तुम्ही ट्रान्झिट कॅम्पात गेलात तर केस नंबर टाकून नवा पत्ता कळवा, पत्रं जुन्याच पत्त्यावर जात राहतात.

एक अपेक्षा मात्र आधीच कमी करून ठेवा. आयोग कोणाला जेलमध्ये टाकत नाही, सस्पेंड करत नाही. तो शिफारस करतो, सरकारने त्यावर काय केलं ते साधारण महिन्याभरात कळवायचं असतं. भरपाईची शिफारस झाली आणि सरकारने मानली तर पैसे मिळतात, नाही मानली तर आयोग स्वतः हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात जाऊ शकतो, पण दर वेळी जाईलच असं धरून चालू नका. म्हणून एफआयआरचा पाठपुरावा सोडू नका, तो याच्या बरोबरीने चालतो. हायकोर्टात रिट (हक्कांसाठीची थेट याचिका) मात्र विचार करून टाका, कारण तोच विषय कोर्टात गेला की आयोग बहुतेक हात काढून घेतो. वकील परवडत नसेल तर १५१०० ला फोन करा, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, आणि बाई असाल, एससी-एसटी असाल, अपंग असाल किंवा कोठडीत असाल तर उत्पन्न किती ते विचारलंच जात नाही.