मूल अजून बोलत नाही? शब्द मोजत बसण्याआधी या चुका टाळा

बाळ वर्षाचं झालं की घरात मोजणी सुरू होते, किती शब्द बोलतं? शेजारचं दीड वर्षाचं पोर ‘आजी, पाणी’ म्हणतं आणि आपलं नुसतं बोट दाखवून ‘अं अं’ करतं, मग आईबाबांचा जीव टांगणीला लागतो. शब्द मोजावेत, त्यात गैर काही नाही. पण पहिला शब्द तोंडातून निघतो तोवर बरंच काम कानात, नजरेत आणि डोक्यात होऊन गेलेलं असतं. आणि बहुतेक चुका होतात त्या तिकडे कुणाचं लक्ष नसल्यामुळे.

जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ मध्ये एक सुंदर गोष्ट दाखवली. ज्या घरात फक्त इंग्रजी बोलतात तिथली सहा ते आठ महिन्यांची बाळंही हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ वेगवेगळा ओळखतात. वर्षाची होईपर्यंत मात्र बहुतेकांना तो फरक कळेनासा होतो. आपल्या बाळांचा फरक टिकतो, कारण ‘ताट’, ‘टोपी’, ‘तूप’ दिवसभर कानावर पडत असतं. म्हणजे एक शब्दही बोलायच्या आधी बाळाचा कान घरच्या भाषेला लागलेला असतो.

‘बोलेल हळूहळू’ म्हणत कान न तपासणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बाबाही तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता’, ‘जीभ जड आहे’ ही वाक्यं प्रेमापोटीच येतात, पण त्यात मोलाचे महिने निघून जातात. मुली आणि मुलगे यांच्यात सरासरी फरक असतो तो फार तर एक-दोन महिन्यांचा, वर्षांचा नव्हे. जिभेखालचा पडदा आखूड असला तर अंगावर पिताना अडचण येऊ शकते, पुढे एखादा उच्चार अडू शकतो, पण त्यामुळे मूल भाषाच शिकत नाही असं होत नाही. वेखंड उगाळून मधातून चाटवण्याची रीतही अजून आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नका, त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

घरच्या घरी मागून टाळी वाजवून बघणं ही चाचणी नव्हे. बाळ हवेच्या झोतामुळे वळतं, सावली पाहून वळतं, दार आपटल्याचा हादरा त्याला जाणवतो. काही मुलांना मोठे आवाज ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक आवाज निसटतात. ऐकू न येणारी बाळंही पहिले काही महिने गोड हुंकार देतात, त्यामुळे घरच्यांना शंकाच येत नाही.

जन्मल्यानंतर पहिल्या महिन्यात श्रवणाची प्राथमिक तपासणी, शंका असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा क्रम जगभर पाळला जातो. तपासणीला ‘ओएई’ आणि ‘बेरा’ म्हणतात. सुई नाही, दुखत नाही, बाळ झोपलेलं असतानाच होते. प्रसूतीच्या वेळी झाली नसेल तर आता करून घ्या. तेव्हा चांगली आली असेल तरी बोलणं मागे पडत असेल, किंवा सर्दीबरोबर कान वारंवार फुटत असेल, तर पुन्हा करा.

बोलण्याऐवजी परीक्षा घेणं

‘हे काय आहे? रंग कोणता? काकांना एबीसीडी म्हणून दाखव.’ पाहुणे आले की पोराची तोंडी परीक्षा सुरू. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत असतं, मुलालाही ते कळतं, आणि बोलण्यातली गंमतच जाते. शिवाय उत्तरासाठी आपण थांबत नाही. दोन सेकंदांत आपणच सांगून टाकतो. लहान मुलाला शब्द शोधून तोंडापर्यंत आणायला वेळ लागतो. मनातल्या मनात पाच-सहा अंक मोजा आणि गप्प राहून त्याच्याकडे बघा.

मूल ज्याकडे बघतंय त्याबद्दल बोला. त्यानं खिडकीकडे बोट दाखवलं तर हातातलं चित्रांचं पुस्तक बाजूला ठेवा. ‘गाई’ म्हणालं तर ‘हो, काळी गाय! गवत खातेय’ एवढं पुरे. लाडिक, लांबवलेला सूरही चांगलाच असतो, बाळाचं लक्ष त्यानंच वेधलं जातं. ‘काऊ’, ‘चिऊ’, ‘मम्मं’ बिनधास्त म्हणा. फक्त मूल ‘तातू’ म्हणतं म्हणून चाकूला आपणही कायम ‘तातू’ म्हणत राहू नये.

घरची भाषा बदलणं

इथे मला मनापासून वाईट वाटतं. मूल दोन वर्षांचं होतं, प्ले ग्रुपमध्ये नाव घातलं जातं, आणि कुणीतरी सुचवतं की घरी इंग्रजीच बोला, दोन भाषांनी गोंधळ होतो. मग आई ‘बेबी, ईट राइस’ एवढ्यावर येते. मराठीत तीच आई भाताबरोबर पावसाच्या, मावशीच्या, मांजराच्या दहा गोष्टी सांगत होती. ते सगळं थांबतं. दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येतं याला आधार नाही. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. मूल एकाच वाक्यात दोन्ही मिसळतं हेही बिघाडाचं लक्षण नाही.

हेच बोलीला लागू आहे. आजी मालवणीत किंवा अहिराणीत बोलते म्हणून तिला गप्प करू नका. ज्या भाषेत तुम्हाला रागावता, हसवता, समजावता येतं, तीच मुलाला द्या. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांनाही मी हेच सांगेन. तिथली भाषा शाळा आणि अंगण देईलच, मराठी तुमच्याशिवाय कोण देणार?

मोबाइल शिकवेल असं वाटणं

संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ मधल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसोबत बारा वेळा मँडरिन, म्हणजे चिनी भाषा बोलणारी व्यक्ती बसली, खेळली. बाळं त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. तोच मजकूर पडद्यावर दाखवला तेव्हा काहीच शिकली नाहीत. व्हिडिओ बाळाच्या नजरेमागे येत नाही, त्याच्या ‘ब्बा’ला उत्तर देत नाही. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. गावी असलेल्या आजोबांशी व्हिडिओ कॉल मात्र चालतो, कारण आजोबा उत्तर देतात.

हुशारीला चूक समजणं

तीन वर्षांचं मूल ‘मी करलं’, ‘बाबा जाला’ म्हणतं. हे त्यानं कुणाकडून ऐकलेलं नसतं. बसला, पडला, हसला यावरून त्यानं स्वतः नियम काढलाय. ‘करलं नाही, केलं म्हण’ असा तगादा नको. ‘अरे वा, तू केलंस?’ एवढं कानावर पडू द्या. या वयात काही मुलं अडखळतातही. ‘नीट बोल, श्वास घे’ म्हणू नका, त्याचं बोलणं पूर्ण ऐका. अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं किंवा बोलताना चेहऱ्यावर ताण दिसला तर वाचा-उपचार तज्ज्ञांना भेटा.

विचारांचंही तसंच. चमचा पुन्हा पुन्हा खाली टाकणारं बाळ हट्टी नसतं, टाकलं की काय होतं ते बघत असतं. शंभरपर्यंत अंक म्हणणाऱ्या अडीच वर्षांच्या मुलाला ‘तीन चपात्या दे’ म्हटलं तर ते बहुधा मूठभर आणतं. अंक पाठ होणं वेगळं, तीन म्हणजे किती हे उमगणं वेगळं. ताटं मांडताना, शेंगा सोलताना मोजलं की दुसरं जमू लागतं.

थांबायचं कधी नाही

वर्षाचं झालं तरी ‘बाबाबा’ असं बडबडत नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही. नावानं हाक मारल्यावर बघत नाही. यातलं एकही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. आणि येत असलेले शब्द बोलायचं बंद झालं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात जा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, तिथे सांगा. जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे अशा मुलांची तपासणी आणि उपचार होतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे श्रवण आणि वाचा दोन्हींची तपासणी होते. जाताना मूल घरी खेळत असतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या, कारण अनोळखी खोलीत बरीच मुलं तोंडच उघडत नाहीत. घरात कोण कोणत्या भाषेत बोलतं आणि मूल न बोलता काय काय समजतं, हेही लिहून न्या.