नेपरव्हिलमध्ये घर पाहताय? आधी पत्ता उलगडून बघा

शिकागोच्या पश्चिमेला साधारण 45 किलोमीटरवरचं हे उपनगर. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 1,49,540. वस्ती 1831 ची, जोसेफ नेपर यांनी वसवलेली. एवढी माहिती कुठेही मिळते. घर घेताना घोळ होतो तो पत्त्यात.

पत्त्यात नेपरव्हिल असलं म्हणजे घर शहराच्या हद्दीत आहेच असं नाही. ते नाव टपालाच्या सोयीचं. म्हणून पहिलं काम, घरमालकाकडून किंवा एजंटकडून प्रॉपर्टी टॅक्सचं ताजं बिल मागून घ्या. कर कोणाकोणाला जातो त्याची यादी त्यावर असते: काउंटी, टाउनशिप, शाळा, पार्क डिस्ट्रिक्ट, वाचनालय. यादीत नेपरव्हिल शहराचं नावच नसेल तर घर हद्दीबाहेर. तिथे वीज कॉमएड या खासगी कंपनीची असते, पाण्याला विहीर आणि सांडपाण्याला सेप्टिक टाकीही निघू शकते. हद्दीत वीज आणि पाणी दोन्ही शहराचंच. पाणी मिशिगन सरोवरातून येतं.

काउंटीही दोन. बहुतेक शहर ड्यूपेजमध्ये, दक्षिणेचा भाग विलमध्ये. कराची कामं एकीकडे व्हीटनला, दुसरीकडे जॉलिएटला.

शाळेच्या बाबतीत तर पत्ता घर क्रमांकासकट तपासा. 203 आणि 204 हे दोन मोठे स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारे विभाग, आणि एका कोपऱ्यात प्लेनफिल्डचा 202. उलट, 204 ची वॉबॉन्सी व्हॅली आणि मेटिया व्हॅली ही हायस्कुलं ऑरोरा शहरात आहेत. जाहिरातीत छापलेलं शाळेचं नाव खरं धरू नका. डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या साइटवर पत्ता टाकून बघा. किंडरगार्टनला 1 सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण हवीत.

शाळाप्रवेशात भारतातून येणाऱ्यांची गाडी अडते ती लसीकरणाच्या कार्डावर. 05/08/2019 म्हणजे आपल्याकडे 5 ऑगस्ट, इथे 8 मे. महिना अक्षरात लिहिलेली प्रत डॉक्टरांकडून आधीच करून घ्या. गोवराचा नवव्या महिन्यातला डोस इथे धरत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचेच मोजतात. दोन भरत नसतील तर आणखी एक टोचून घ्यावा लागतो.

आता कर. इलिनॉयमध्ये तो वर्षभर मागून येतो: 2024 चं बिल 2025 मध्ये, दोन हप्त्यांत, साधारण जून आणि सप्टेंबरला. म्हणजे तुमच्या पहिल्या बिलात आधीच्या मालकाच्या काळाचाही वाटा असतो. त्याची वजावट खरेदीच्या दिवशीच लिहून घ्या. नव्या बांधकामात जास्त फसगत होते. जुनं बिल नुसत्या जमिनीचं असू शकतं, त्यावरून हप्त्याचं गणित मांडलंत तर पुढच्या वर्षी डोळे पांढरे होतील. स्वतः राहणार असाल तर घरमालकाची सवलत लागू झाली आहे का ते काउंटीत विचारा.

शिकागोला रोज जायचं असेल तर मेट्रा या उपनगरी रेल्वेच्या बीएनएसएफ मार्गावर दोन स्टेशनं: नेपरव्हिल आणि रूट 59. वेळापत्रकात जलद गाड्या हेरून ठेवा, नाहीतर प्रत्येक थांब्यावर थांबत जावं लागतं.

आणि पाहुणे मुक्कामाला आले तर त्यांची गाडी ड्राइव्हवेत घ्या. रात्री 2 ते 5 शहराच्या रस्त्यावर गाडी ठेवायला मनाई आहे, दंडाची चिठ्ठी लागते.